सूत्रांची चित्रं

आमच्या शाळेची गणिताची प्रश्नपेढी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आहे. एका प्रश्नाची एक फाइल. फाइलच्या नावात इयत्ता, प्रकरण आणि क्रमांक. दहावीची वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, त्रिकोणमिती मराठीत. अकरावी-बारावीचं इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स इंग्रजीत. गणित शिकवणारे आम्ही सगळेच तिच्यात भर घालतो. पण फाइलचं नाव वाचून आत कोणता प्रश्न आहे ते कळत नाही, आणि फाइल उघडली तर बॅकस्लॅश, महिरपी कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा दाट मजकूर समोर येतो. ज्या बाईंना उद्याच्या घटक चाचणीसाठी प्रश्न निवडायचे आहेत, त्यांना प्रश्न कागदावर छापल्यासारखा दिसायला हवा. सुट्टीत मुलांना मोबाइलवर प्रश्न पाठवायचे तरी चित्रच लागतं. म्हणून पेढीतल्या प्रत्येक फाइलचं चित्र आपोआप तयार करणारी एक शेल स्क्रिप्ट मी लिहायला घेतली.

स्क्रिप्टचा सांगाडा साधा आहे. तात्पुरता फोल्डर तयार करायचा. प्रश्नाच्या मजकुराभोवती ‘स्टँडअलोन’ या वर्गाचं वेष्टण घालायचं, म्हणजे पूर्ण ए-फोर पान न निघता मजकुराएवढंच पान निघतं. त्यावर झीलाटेक हा लाटेकचा युनिकोड समजणारा अवतार चालवायचा, आलेल्या पीडीएफचं ‘पीडीएफटूपीपीएम’ने पीएनजी करायचं आणि फोल्डर पुसून टाकायचा. नुसतं इंग्रजी आणि सूत्रं असती तर जुना रस्ता जास्त वेगाचा होता: लाटेकची डीव्हीआय फाइल थेट ‘डीव्हीआयपीएनजी’ला द्यायची. पण ‘जर’, ‘तर’, ‘सिद्ध करा’ हे युनिकोड मराठीत आणि तेही सूत्राच्या शेजारी हवं असेल, तर झीलाटेकचा रस्ता मला सर्वांत सरळ वाटतो. फाँट म्हणून आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ घेतला. तो मोफत आहे आणि सूत्रांच्या बारीक अक्षरांशेजारी बोजड दिसत नाही.

खरी परीक्षा झाली ती बॅकस्लॅशची. लाटेकची प्रत्येक आज्ञा बॅकस्लॅशने सुरू होते, आणि शेललाही बॅकस्लॅशचा स्वतःचा अर्थ आहे. प्रयोगशाळेतल्या एका उबुंटू संगणकावर आमच्या एका सहशिक्षकांनी स्क्रिप्टचा पहिला आराखडा बॅश या नेहमीच्या शेलऐवजी ‘एसएच’ने चालवला. उबुंटूत ‘एसएच’ म्हणजे डॅश नावाचा छोटा, चपळ शेल असतो. मजकूर फाइलमध्ये उतरवायला आराखड्यात शेलची ‘इको’ ही आज्ञा होती. बॅशचं इको मजकूर जसाच्या तसा सोडतं. डॅशचं इको मात्र बॅकस्लॅश आणि पुढचं अक्षर यांची जोडी वाचतं: ‘एन’ आला तर नवी ओळ, ‘टी’ आला तर टॅब, आणि ‘सी’ आला तर पुढचं सगळं छापणं बंद.

आता त्रिकोणमितीचं प्रकरण डोळ्यांसमोर आणा. थीटाची आज्ञा टीने सुरू होते. टॅनचीही. टॅब म्हणजे लाटेकच्या लेखी रिकामी जागा, आणि सूत्रात रिकाम्या जागेला किंमत नाही. त्यामुळे थीटाच्या जागी ‘एच-ई-टी-ए’ ही चार तिरकी अक्षरं छापली गेली आणि टॅनच्या जागी ‘ए-एन’ उरलं. ‘बरोबर नाही’ या चिन्हाची आज्ञा एनने सुरू होते; तिचं ‘ई-क्यू’ झालं. कॉस तर सीने सुरू होतो, म्हणून साइन वर्ग थीटा अधिक कॉस वर्ग थीटा हे सूत्र अधिकच्या चिन्हाशीच तुटलं. तुटलेल्या सूत्रावर लाटेक निदान अडून बसतं. थीटा आणि टॅनच्या बाबतीत ते अवाक्षर काढत नाही, चित्र सुबक निघतं आणि गणित चुकीचं असतं. मला याची सर्वांत जास्त भीती वाटते. शिक्षकाने पाठवलेल्या चित्रात चूक असेल असं मुलांच्या मनातही येत नाही.

यावर उपाय जुना आणि भरवशाचा आहे. इको वापरायचंच नाही. ‘प्रिंटएफ’ला आधी टक्का-एस हा साचा द्यायचा आणि मजकूर त्याच्यामागून वेगळा द्यायचा. त्याहून बरं म्हणजे मजकूर शेलच्या हातातून जाऊच द्यायचा नाही. आता आमची स्क्रिप्ट वेष्टणाच्या फाइलमध्ये लाटेकचीच इनपुट आज्ञा लिहिते आणि प्रश्नाची फाइल लाटेक स्वतः वाचतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. लाटेकला चूक दिसताच थांबायला सांगितलं आहे, आणि ते थांबलं तर स्क्रिप्ट त्या प्रश्नाचं जुनं चित्र काढून तिथे लाल चौकट ठेवते. बिघडलेल्या प्रश्नाच्या जागी मागच्या महिन्याचं ठीकठाक चित्र दिसत राहणं, ही फसवणूकच झाली असती.

चित्र किती मोठं हवं, हा पुढचा प्रश्न. पहिल्यांदा सुचतं ते रेझोल्यूशन वाढवणं, पण त्याने मोबाइलवर काही साधत नाही. लाटेकच्या नेहमीच्या आर्टिकल वर्गात दहा पॉइंटच्या अक्षराला ओळीची रुंदी ३४५ पॉइंट असते. लाटेक ज्यावर उभं आहे त्या टेकच्या हिशेबात इंचाला ७२.२७ पॉइंट, म्हणजे ही ओळ पावणेपाच इंचांहून किंचित जास्त. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, तिचे सुमारे १,४३० पिक्सेल होतात. ७२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ती निम्मी होऊन बसते आणि घातांक दिसेनासे होतात. डीपीआय ६०० केला तरी पडद्यावरचं अक्षर तेवढंच बारीक राहतं. ओळच आखूड करावी लागते. मी कमाल रुंदी आठ सेंटीमीटर ठेवली आणि अक्षर बारा पॉइंटचं. आता चित्र फार तर ९४५ पिक्सेल रुंद होतं. लांब समीकरणं मात्र हाताने दोन ओळींत तोडावी लागतात, कारण बरोबरच्या चिन्हापाशी तोडायचं की अधिकच्या, हे गणित कळणाऱ्यानेच ठरवावं.

पार्श्वभूमी पारदर्शक ठेवण्याचा मोह टाळावा. मुलांचे फोन बहुधा काळ्या पडद्यावर चालतात आणि पारदर्शक चित्रातली काळी अक्षरं त्यात बुडून जातात. पांढरी पार्श्वभूमी आणि चारही बाजूंना थोडी मोकळी जागा, एवढं पुरतं.

पीएनजी हट्टाने का, तेही सांगतो. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून त्यातला तपशील कमी करतं. निसर्गाच्या फोटोत ते जाणवत नाही. सूत्रात बारीक रेषाच बोलत असते. संच ए आणि त्याचा पूरक संच यांत फरक फक्त डोक्यावरच्या एका छोट्या तिरक्या रेघेचा. घातांकाआधीचं वजाचं चिन्ह, मध्य दाखवणारी एक्सवरची आडवी रेघ, दशांशचिन्हाचा ठिपका: यातलं एक जरी पुसट झालं तरी प्रश्न दुसराच होतो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहिली, ती त्यांना पसंत पडली नाहीत, आणि त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. त्यांनी एवढ्या निगुतीने बसवलेली रेघ आपण शेवटच्या पायरीवर पुसून टाकणं मला पटत नाही. संदेश पाठवणारी अॅपं फोटो म्हणून दिलेलं चित्र दाबून लहान करतात, म्हणून आम्ही चित्रं डॉक्युमेंट म्हणून पाठवतो.

वेगाचं थोडक्यात सांगतो. झीलाटेक दर वेळी उठायला सेकंदभर तरी घेतं, आणि पूर्ण पेढी नव्याने करायची तर चहा निवून जातो. म्हणून प्रत्येक फाइलच्या मजकुराचा चेकसम, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारी खूण, काढून तो चित्राच्या नावात घातला. त्या नावाचं चित्र आधीच असेल तर स्क्रिप्ट ती फाइल सोडून पुढच्या फाइलकडे जाते. विकिपीडियावर २००३ पासून सूत्रांची चित्रं होऊ लागली, तेव्हा त्यांची नावंही अशीच सूत्राच्या एमडी-५ चेकसमवरून ठरत. सगळे प्रश्न एकाच दस्तऐवजात घालून प्रत्येकाचं वेगळं पान काढणं याहून वेगवान आहे. पण मग एका प्रश्नातली चूक सगळ्यांना अडवते. वर्षभर प्रश्नांची भर पडत असलेल्या पेढीला चेकसमचा मार्गच योग्य.

चित्राची एक उणीव कुठल्याच स्क्रिप्टने भरून निघत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा फोन चित्रातलं सूत्र खात्रीने वाचून दाखवू शकत नाही. त्याच्यापर्यंत अनेकदा फक्त ‘चित्र’ एवढाच शब्द पोचतो. शोधयंत्रालाही आत काय आहे ते सापडत नाही, आणि दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला त्या प्रश्नातला एक आकडा बदलायचा तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. म्हणून आमची स्क्रिप्ट प्रत्येक चित्राबरोबर त्याच नावाची एक मजकुराची फाइल ठेवते. तिच्यात लाटेकचा मूळ मजकूर असतो आणि खाली तो प्रश्न साध्या मराठीत किंवा इंग्रजीत, मोठ्याने वाचावा तसा लिहिलेला असतो. ही शेवटची ओळ यंत्र लिहीत नाही, प्रश्न घालणाऱ्या शिक्षकाने लिहायची असते. ती लिहिल्याशिवाय प्रश्न पेढीत घेतला जात नाही.

गणित शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: सूत्राचं चित्र जरूर पाठवा, पण त्याचा मूळ मजकूर जपून ठेवा आणि चित्रासोबत शब्दांतलं वाचनही पाठवा.