लेस्टरची मैत्रीण आणि पाणी गाळायचं फडकं



गेल्या जूनमध्ये मी लेकीकडे लंडनला गेले होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. यांना दुकान सोडून येणं जमेना, म्हणून वयाच्या ५४व्या वर्षी पहिल्यांदा एकटी विमानात बसले. त्या प्रवासाच्या गमती पुन्हा कधीतरी सांगेन. आज लिहायचंय ते लेस्टरच्या मुक्कामाबद्दल.

लेस्टरला माझी शाळेतली मैत्रीण राहते. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. सांगलीत पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, दशलक्षणात एकाच ताटलीत अष्टद्रव्य घेऊन बस्तीत गेलो. पुढे १९९६ साली तिनं समाजाबाहेर लग्न केलं. पुण्यात रजिस्टर पद्धतीनं. मला तिनं हातानं पत्र लिहिलं होतं, ‘तू तरी ये.’ मी गेले नाही. पत्राला उत्तरही दिलं नाही. सासूबाई नको म्हणाल्या, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले.

लेकीचं ऑफिस होतं, म्हणून लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून एकटीच गाडीत बसले. सव्वा तासाचा प्रवास. पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि पाणी गाळायचं फडकं. खरं सांगते, मनात होतं की तिच्या घरी काय चालत असेल कोण जाणे, आपण आपलं फळांवर भागवू.

ती स्टेशनवर आली होती. केस पांढरे, पण चाल तीच, पुढे पुढे धावणारी. घरी गेल्यावर मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले, तर नळाला पांढरं सुती फडकं बांधलेलं. चार पदरी, अगदी माझ्या आईसारखं. मी बघतच राहिले. ती म्हणाली, “अगं, इथलं पाणी स्वच्छच असतं. पण फडक्याशिवाय नळ बघवत नाही मला. आईनं पाठवलेलं पहिलं फडकं विरलं, तेव्हापासून जुन्या साडीचे तुकडे करते.” मी माझं फडकं पर्समधून काढलंच नाही.

दुपारी तिनं मला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन सेंटरमध्ये नेलं. पूर्वी ते चर्च होतं, मंदिर होऊन १९८८ साली त्याची प्रतिष्ठा झाली. बाहेरून पांढराशुभ्र दगड, आत कोरीव खांब आणि रंगीत काचांच्या खिडक्यांवर महावीरांच्या चरित्रातले प्रसंग. श्वेतांबर मंदिर, दिगंबर वेदी, स्थानकवासींचा उपाश्रय, सगळं एकाच छताखाली. आपल्याकडे दोन गल्लींच्या दोन बस्त्या एकमेकींच्या पंचकल्याणकाला जाताना चार वेळा विचार करतात, ते आठवून मला हसू आलं. तिथं बहुतेक मंडळी गुजराती. १९७२ साली युगांडातून हाकललेले कितीतरी लोक या गावात येऊन राहिले. एका बेननं मैत्रिणीला विचारलं, “आज अठवाड्याच्या मध्येच?” म्हणजे ही येत असते. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

जूनमध्ये तिथं सूर्य साडेनऊला मावळतो. आमच्या घरी सहाला ताटं वाढणारी मी, रात्री आठ वाजता लख्ख उन्हात ज्वारीची भाकरी आणि पडवळाची भाजी खात बसले. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. तवासुद्धा नवा आणला होता, खाली किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

“आणि हिवाळ्यात गं?” मी विचारलं.

“डिसेंबरमध्ये चारच्या आत अंधार पडतो. मी कामावरून घरी येते सव्वासहाला. जेवते मग रात्रीच. काय करू, उपाशी झोपू?” ती जरा तिखटपणे म्हणाली. मग म्हणाली, “चतुर्दशीला मात्र नाही जेवत.”

माझा रात्रीभोजनाचा नियम ३० वर्षांत मोडला नाही, असं मी इथं किती वेळा लिहिलंय! पण माझ्या घरी पाचला कुकर लागतो, घरातले सगळे दिवसाच जेवतात, सासूबाई होत्या तोवर त्यांनीच हाक मारायची. मला कधी काही करावंच लागलं नाही.

भांडी घासताना मी बोलले. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून जमलं. म्हटलं, “तुझ्या लग्नाला मला सासूबाईंनी अडवलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नाही. लोक काय म्हणतील म्हणून मीच आले नाही.”

तिनं नळ बंद केला. “ठाऊक आहे मला. लग्नानंतर तुझ्या सासूबाई बस्तीत माझ्या आईला भेटल्या होत्या. ‘मला बोलली असती तर मीच पाठवली असती,’ असं म्हणाल्या त्या आईला.”

म्हणजे एकोणतीस वर्षं तिला माहीत होतं. सासूबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली, त्यांनीही मला एका शब्दानं विचारलं नाही.

“मी दरवर्षी क्षमावाणीला तुला मेसेज...” मी म्हणायला गेले.

“येतो ना. कमळाचं चित्र असतं. कळत-नकळत काही चुकलं असेल तर.” ती ताट पुसत होती. “हे नकळत नव्हतं गं.”

मैत्रिणींनो, दोनशे जणींना एका बोटानं पाठवते मी तो मेसेज. मी तिची क्षमा मागितली, नाव घेऊन, काय केलं ते सांगून. ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, “झोप आता, सकाळची गाडी आहे तुझी.” मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. तिलाही नसावी, जिन्यात दोनदा दिवा लागला.

सकाळी स्टेशनवर तिनं हातात डबा दिला. मेथीच्या पुऱ्या आणि लोणचं. गाडी आल्यावर मला आत ढकलत म्हणाली, “पोहोचलीस की फोन कर. मेसेज नको.”