असूनही

सामना कोणाचाही असो, तो पाहावयास बसलो की थोड्याच वेळात माझे मन दोहोंपैकी दुबळ्या पक्षाला जाऊन मिळते. फुटबॉलचे सगळे नियम मला धड ठाऊक नाहीत. पण एखाद्या मोठ्या चषकाच्या अंतिम सामन्यात कुठलासा नवखा संघ उतरला, की त्याच्या गोलरक्षकाची काळजी त्याच्या आईइतकी मलाही वाटू लागते. या स्वभावाचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता. दुबळ्याची कड घेणारा मनुष्य मुळात सज्जनच असला पाहिजे, असे मी धरून चाललो होतो. तो अभिमान कसा ओसरला, तेच आज सांगावयाचे आहे.

1 जानेवारी 2018 ची गोष्ट. नामपूरच्या कांदा बाजारात लाल कांद्याची ट्रॉली लावून मी आणि माझा पुतण्या लिलावाची वाट पाहत होतो. आमचे लक्ष मात्र कांद्यापेक्षा पुतण्याच्या हातातील मोबाइलकडे अधिक होते. इंदूरच्या होळकर मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालला होता. एका बाजूस सात वेळा करंडक जिंकलेली दिल्ली, दुसऱ्या बाजूस विदर्भ.

क्रिकेटच्या वाटणीत आमचा नाशिक जिल्हा महाराष्ट्राच्या संघाकडे येतो. तेव्हा विदर्भाशी आमचे तसे काही नाते नव्हते. परंतु मुंबईने तोवर 41 वेळा करंडक नेला होता, महाराष्ट्रानेही 1939-40 व 1940-41 अशी सलग दोन वर्षे तो मिळविला होता, आणि 1957-58 पासून खेळणाऱ्या विदर्भाला साठ वर्षांत अंतिम सामनासुद्धा दिसला नव्हता. माझ्या मनाला एवढे कारण पुरेसे होते. त्यातून उपांत्य सामन्यात कर्नाटकाला कोलकात्यात त्यांनी अवघ्या पाच धावांनी हरविले, तेव्हापासून तर मी पुरता वैदर्भीय होऊन बसलो होतो.

अंतिम सामन्यात अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. दिल्लीच्या 295 धावांना विदर्भाने 547 धावांनी उत्तर दिले. त्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या 133 होत्या, आणि ते त्याचे पहिलेच शतक. चौथ्या दिवशी जिंकावयास केवळ 29 धावा उरल्या. वसीम जाफरने चौकारांचा सपाटा लावून त्या पुऱ्या केल्या, तेव्हा मी ट्रॉलीवर उभा राहून टाळ्या पिटल्या. शेजारच्या शेतकऱ्याला वाटले, आमच्या कांद्याला काहीतरी विलक्षण भाव मिळाला!

त्याला मी मोठ्या उत्साहाने सांगितले, "लहान संघ असूनही काय खेळले पाहा!"

बोललो मात्र, आणि 'असूनही' हा शब्द माझ्या घशातच अडकल्यासारखा झाला. हा शब्द मी पूर्वी कोठे ऐकला होता?

सटाण्याला. मी नववीत असताना आमच्या गावचा कबड्डीचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. मोसम नदीच्या वाळूत पहाटे सराव करून आमच्या ढोपरांची सालटी निघाली होती. आम्ही दोन गुणांनी हरलो. बक्षीस वाटणारे गृहस्थ आमच्याकडे पाहून प्रेमाने म्हणाले, "खेड्यातली पोरे असूनही छान खेळली." सगळ्या मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला. जिंकणाऱ्यांनाही तेवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. परतीच्या एस. टी. त कोणी बोलेना. अखेर गुरुजी म्हणाले, "पुढच्या वर्षी असे खेळा, की टाळ्या कमी पडतील."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा आम्हाला उमगला नाही. पुढच्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

विदर्भाने मात्र गुरुजींचे म्हणणे खरे करून दाखविले. पुढल्याच हंगामात, 2019 च्या फेब्रुवारीत, ते नागपुरात पुन्हा अंतिम सामना खेळले आणि सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून त्यांनी करंडक राखला. त्या सामन्यात माझे मन कोणाकडे होते म्हणता? सौराष्ट्राकडे! त्या संघाने तोवर करंडक कधीच जिंकला नव्हता ना! ज्यांच्यासाठी मी वर्षापूर्वी ट्रॉलीवर नाचलो, ते आता बलवान झाले होते, आणि बलवान होण्याचा अपराध मला क्षम्य वाटेना.

2025 साली तोच प्रसंग पुन्हा आला. नागपुरात अंतिम सामना. विदर्भासमोर केरळ, आणि केरळाचा तो आयुष्यातला पहिलाच अंतिम सामना. मी अर्थातच केरळाच्या बाजूने बसलो. सामना अनिर्णित राहिला व पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला. मी हळहळत असता पुतण्या म्हणाला, "काका, करंडक उचलणारा हा कर्णधार तोच ना, इंदूरला शंभर करणारा वाडकर?"

तोच होता. त्याच्यात काय पालटले होते? सात वर्षांचा घाम तेवढा वाढला होता. तो एकदा अनपेक्षित जिंकला तेव्हा मी त्याला डोक्यावर घेतले; जिंकणे हा त्याचा नेम झाला तेव्हा मी तोंड फिरविले. म्हणजे माझा लोभ त्याच्या खेळावर नव्हताच. त्याच्या दुबळेपणावर होता. दुबळ्याकडे पाहताना आपण त्याच्याहून थोडे उंच उभे असतो, आणि ती उंची सोडावयास आपण सहसा तयार नसतो. सटाण्याच्या त्या गृहस्थांवर मी उगाच इतकी वर्षे रागावलो होतो. मांडवातल्या त्यांच्या खुर्चीवर मी स्वतःच कधीचा जाऊन बसलो होतो.

मी पुतण्याला म्हटले, "हो, तोच." मग विदर्भासाठी टाळ्या वाजविल्या. हात जरा जड उचलले, हे खरे. आवाजही फारसा झाला नाही. पण त्या टाळ्यांत या वेळी 'असूनही' नव्हते. गुरुजींनी त्या एस. टी. त आमच्यासाठी मागितल्या होत्या, त्या बहुधा अशाच टाळ्या असाव्यात.