नोंद नसलेला प्रयोग

पक्षाघाताच्या रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना एखाद्या संशोधनात सहभागी होण्याबद्दल विचारले, की बहुतेक वेळा पहिले उत्तर येते: "आमच्यावर प्रयोग नकोत." या उत्तरामागची भीती खरी आहे आणि तिला कारणेही आहेत. पण त्यात एक गृहीतक दडलेले असते, की संशोधनापासून दूर राहिले म्हणजे प्रयोग टळला. माझ्या क्षेत्रापुरते तरी हे खरे नाही. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांतले उपचार आज बऱ्यापैकी तपासून घेतलेले आहेत. गुठळी विरघळवणारे औषध 1995 साली अमेरिकेतल्या 624 रुग्णांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीने काढण्याचा फायदा 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या 500 रुग्णांनी दाखवून दिला. मात्र रुग्ण घरी आल्यावर सुरू होतो तो महिनोन् महिने चालणारा काळ. व्यायाम किती वेळ, कोणते इंजेक्शन, कोणत्या तेलाचे मालिश, किती महिने थांबून पाहायचे, यातले पुष्कळसे सवयीने, ऐकीव माहितीवर किंवा उपचार करणाऱ्याच्या विश्वासावर चालते. हाही प्रयोगच आहे. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही, त्यामुळे एका घरचा अनुभव दुसऱ्या घराच्या कामी येत नाही.

चांगल्या हेतूने दिलेला आणि पटण्यासारखा उपचारही चुकीचा निघू शकतो, याची दोन उदाहरणे मला फार महत्त्वाची वाटतात. रुग्णाला जितक्या लवकर आणि जितक्या वेळा अंथरुणातून उठवावे तितके चांगले, असे अनेक तज्ज्ञ मानत होते. पाच देशांतल्या 56 रुग्णालयांत 2,104 रुग्णांवर हे तपासले गेले. 2015 साली निष्कर्ष आला तो उलटा. पहिल्या 24 तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण 46 टक्के होते, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात 50 टक्के. दुसरे उदाहरण फ्लुओक्सेटिनचे. नैराश्यावरचे हे औषध दिल्यास लुळ्या हातापायात ताकद लवकर येते, असे 2011 मध्ये फ्रान्समधल्या 118 रुग्णांच्या अभ्यासात दिसले आणि अनेक ठिकाणी ते लिहून दिले जाऊ लागले. पुढे ब्रिटनमधल्या 3,127 रुग्णांनी मोठ्या अभ्यासात भाग घेतला. 2019 मध्ये कळले, की नैराश्य थोडे कमी होते, पण रुग्णाच्या स्वावलंबनात काहीच फरक पडत नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढते. ते हजारो लोक पुढे आले नसते, तर आजही आपण त्या गोळ्या आशेने गिळत राहिलो असतो.

आपल्याकडे याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टेम सेलचे आहे. पक्षाघातानंतर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या तर उपयोग होतो का, हे भारतातल्या पाच केंद्रांत 120 रुग्णांवर पाहिले गेले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर स्पष्ट होते: पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनी फरक नव्हता. त्या 120 जणांना सहभागी होण्यासाठी जमीन विकावी लागली नाही. त्याच आशेपायी संशोधनाबाहेर लाखो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाला मात्र ना खात्रीचे उत्तर मिळते, ना त्याच्या पैशातून इतर कोणाला काही शिकायला मिळते. मी रागाने लिहितो आहे हे खरे, पण हा राग त्या कुटुंबांवर नाही.

"मग फायदा नाही असेच सांगणाऱ्या अभ्यासांचा उपयोग काय?" असे कोणी विचारेल. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना घरीच व्यायाम करून घेण्याचे शिक्षण दिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखेच, 47 टक्के. फिजिओथेरपिस्ट परवडत नाही तिथे सारा भार सून, मुलगी किंवा पत्नीच्या खांद्यावर टाकून मोकळे होता येणार नाही, हे या आकड्याने धोरणकर्त्यांना सांगितले. माझ्या मते पुनर्वसनासाठी माणसे नेमण्याची मागणी करायला याहून चांगला पुरावा आपल्याकडे नाही. फायदा असतो तेव्हाही तो बहुधा लहान असतो. पक्षाघात झाल्यावर लगेच दिलेली एस्पिरिन हजारांमागे सुमारे नऊ जणांना पुन्हा झटका येण्यापासून किंवा मृत्यूपासून वाचवते. हे ओळखायला 1997 मध्ये सुमारे 40,000 रुग्णांची माहिती एकत्र करावी लागली. दहा-वीस रुग्ण पाहून ते कोणत्याही डॉक्टरला कळले नसते.

आता त्या भीतीकडे येतो. भारतात चाचण्यांमध्ये गैरप्रकार झाले, गरिबांना नीट न सांगता सह्या घेतल्या गेल्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, 2013 पासून नियम कडक झाले आणि 2019 चे नवे नियम आले. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, नीतिविषयक समितीची आगाऊ मंजुरी, कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडण्याची मुभा हे आता रुग्णाचे हक्क आहेत. चाचणीची नोंद सरकारी सार्वजनिक नोंदवहीत असावी लागते आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. नियम कागदावर असले म्हणून ते पाळले जातातच असे मी म्हणणार नाही. नोंदणी क्रमांक मागितल्यावर चिडणाऱ्या संशोधकाला नकार द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. "आमच्या वाट्याला खोटी गोळी आली तर?" या शंकेचे उत्तर वर आलेच आहे. फ्लुओक्सेटिनच्या अभ्यासात खोटी गोळी मिळालेल्यांचीच हाडे कमी मोडली. कोणता गट भाग्यवान हे आधी माहीत असते, तर कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे अनैतिकच ठरले असते. शिवाय रुग्णाची नेहमीची औषधे दोन्ही गटांत चालू राहतात.

सर्वांत अवघड प्रश्न वाचा गेलेल्या रुग्णाचा. त्याला पुष्कळदा समजते, पण बोलता येत नाही. कायद्यानुसार जवळचा नातेवाईक त्याच्या वतीने संमती देऊ शकतो, आणि संशोधकांना तेवढे पुरेसे वाटते. किंवा त्याहून सोपे म्हणून अशा रुग्णाला वगळलेच जाते. दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. चित्रे दाखवून, लहान वाक्यांत, हो-नाहीच्या खुणांनी, दोन-तीन बैठकांत विचारले तर यातल्या अनेकांना स्वतःचे मत सांगता येते. त्यांना वगळल्याची किंमत आपली भाषा मोजते. स्मृती आणि भाषा तपासण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चाचण्यांचा जो संच तयार केला, त्याच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या, मराठी नव्हती. मराठी बोलणाऱ्या, विशेषतः फारसे न शिकलेल्या रुग्णांनी भाग घेतल्याशिवाय मराठीतले प्रमाण ठरणार तरी कसे?

हे सारे मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तिथे मी रुग्णाच्या बाजूचा आहे. दर महिन्याला तपासणीला यायचे म्हणजे एका माणसाचा आधार घेऊन एसटीत चढायचे, सोबतच्याचा रोज बुडवायचा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्यास आपल्या मार्गदर्शक तत्त्वांची आडकाठी नाही, तरी अंदाजपत्रकात ती रक्कम सर्वांत आधी कापली जाते. फॉलो-अप फोनवर किंवा घरी जाऊन घेता येतो, तो तसाच घ्यावा. आणि अभ्यास संपल्यावर काय निघाले हे ज्यांच्या शरीरावरून कळले, त्यांना मराठीतून एका पानात कळवावे. निबंध इंग्रजी नियतकालिकात छापून आल्यावर काम झाले असे आम्ही संशोधक समजतो. ते पान पोहोचत नाही तोवर ते झालेले नसते, आणि पुढच्या वेळी त्या घराने दार बंद केले तर तक्रार करण्याचा हक्क आम्हाला नाही.