पासून आणि पर्यंत

साहेबांच्या खुर्चीमागे, भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच अशी त्या खुर्चीवर बसून गेलेल्यांच्या नावांच्या पाटीची जागा. लाकडी चौकट, काळसर पॉलिश, त्यावर पांढऱ्या रंगानं काढलेली अक्षरं. रकाने चारच : अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत तिच्या बहिणी पसरलेल्या आहेत. चेंबूर स्थानकाजवळ महापालिकेचं एम पश्चिम विभाग कार्यालय आहे. अशा कार्यालयात सहायक आयुक्तांना भेटायला गेलेला माणूस साहेबांचा फोन आटोपेपर्यंत हिलाच वाचत बसतो.

पाटी मितभाषी आहे. कोणाचं गाव कुठलं, जात कोणती, कोण कोणाच्या चिठ्ठीवर आलं, यातलं काही ती सांगत नाही. ज्याच्या नावानं विभाग चळाचळा कापत असे त्याला आणि ज्याचं नाव शिपायालाही आठवत नाही त्याला ती एकाच मापाचं अक्षर देते. खुर्ची कोणाच्या घरची नाही, एवढंच तिला सांगायचं असतं.

या नावांच्या सहीत मोठी ताकद असते. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याच्या कलम ३५१ खाली बेकायदा बांधकामाला नोटीस जाते ती विभाग कार्यालयातून. भाडेकरूनं काढलेला पोटमाळा आणि पुढाऱ्याच्या मेहुण्यानं रातोरात उभा केलेला गाळा, दोघांना सारखीच नोटीस आणि सारखीच मुदत मिळायची असेल, तर सही करणारा हात कोणाच्या उपकारात नसावा. म्हणून तो माणूस लोकसेवा आयोगाच्या चाळणीतून यावा, कोणाच्या मर्जीतून नव्हे. पैसा आधी कुठल्या रस्त्यावर खर्च करायचा हे नगरसेवकांनी ठरवावं, तो त्यांचा हक्कच आहे. ठरलेला नियम सगळ्यांना सारखा लावणं हे मात्र ज्याला पुढच्या निवडणुकीत मतं मागायची नाहीत त्याचं काम. वरिष्ठ पदं सेवेतल्या माणसांसाठी राखायची ती त्यांच्या मानासाठी नाही. रांगेत उभ्या असलेल्या, कोणाचीही ओळख नसलेल्या माणसासाठी ती राखायची.

पाटीच्या कुळाला एक जुना डाग आहे, तोही सांगायला हवा. १८६५ साली मुंबईचा पहिला महापालिका आयुक्त झाला आर्थर क्रॉफर्ड. मंडईला त्याचं नाव लागलं. हाच क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचा आयुक्त झाला आणि १८८८ मध्ये त्याच्यावर आरोप आला, की बढती आणि सोयीची बदली हवी असलेल्या मामलेदारांकडून तो पैसे घेतो. चौकशी आयोगानं लाच शाबीत धरली नाही. हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका मात्र राहिला, आणि त्याची नोकरी गेली. अभय मिळाल्यावर साक्ष देणारे मामलेदारही पुढे गोत्यात आले, तेव्हा टिळक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. क्रॉफर्ड कोणा पक्षाचा माणूस नव्हता, कायम सेवेतलाच होता. परीक्षा आणि कायम नोकरी एवढ्यानं निःपक्षपातीपणा येत नाही, हे त्या प्रकरणानं दाखवलं. बदली विकाऊ झाली की उत्तम अधिकारीही मिंधा होतो.

म्हणून पाटी वाचायची ती शेवटच्या रकान्यापासून. तीन वर्षांची सलग नोंद दिसली, की त्या माणसाला विभागातले नाले, गल्ल्या आणि तिथली माणसं कळली असतील असं समजावं. पाच महिने, सात महिने अशा नोंदी एकाखाली एक लागल्या, की कामापेक्षा दबावच जास्त झाला असेल अशी शंका येते. मध्येच ‘अतिरिक्त कार्यभार’ लिहिलेलं दिसतं. जागा भरली गेली नाही, म्हणून कोणीतरी आपलं काम सांभाळून हेही ओढलं, असा त्याचा अर्थ. मुंबईत सहायक आयुक्तांची पदं रिकामी राहून कार्यकारी अभियंत्यांकडे विभाग सोपवल्याचं अनेकदा घडलं आहे.

राज्याचा २००५ चा बदल्यांचा कायदा शासकीय अधिकाऱ्याला एका पदावर साधारण तीन वर्षं देतो. त्याआधी हलवायचं असेल तर कारण लेखी नोंदवायला लावतो. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानंही निश्चित कार्यकाळाचा आग्रह धरला, आणि वरून आलेला तोंडी आदेश लिहून ठेवायला सांगितलं. पण ते लेखी कारण फाइलमध्ये राहतं, आणि फाइल कपाटात. विभागातल्या नागरिकाला कळतं ते एवढंच, की कालपर्यंत होते ते साहेब आज नाहीत.

तेव्हा या पाटीला पाचवा रकाना द्यावा : कारण. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात द्यावा. मुदत पूर्ण झाली असेल तर तसं लिहावं. आधीच हलवलं असेल तर कोणाच्या आदेशानं आणि का, ते त्याच पांढऱ्या अक्षरांत, त्याच मापात लिहावं. जे कारण भिंतीवर लिहिण्याची लाज वाटेल, त्या कारणानं बदली करू नये.