थंडीतले दिवे आणि मुकी जनावरे

अमेरिकेच्या उत्तर भागात डिसेंबरचा दिवस किती लहान असतो, हे आपल्याकडच्या माणसाला नमाजांचे वेळापत्रक पाहिले की लगेच कळते. बोस्टनमध्ये जोहर पावणेबाराला, असर दोनच्या आत (आम्ही कोकणी शाफई, हनफी मंडळींची आणखी अर्ध्या तासाने), मगरिब सव्वाचारला आणि इशा पावणेसहाला. मुले शाळेतून येऊन दूध पितात न पितात तोच बाहेर रात्र. नमाजीला एक सोय मात्र आहे, संध्याकाळी सहानंतर रात्रीपर्यंतचा सारा वेळ मोकळा.

या अंधाराच्या दिवसांत तिथले लोक घरे, झाडे, दुकाने दिव्यांनी भरून टाकतात. त्यात प्राणिसंग्रहालयेही आली. सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १९८२ पासून नाताळाच्या सुमारास रोषणाई होते, आणि आता अमेरिकेतल्या लहानमोठ्या कितीतरी प्राणिसंग्रहालयांनी ती प्रथा उचलली आहे. कारण अगदी साधे आहे. थंडीत माणसे जनावरे पाहायला येत नाहीत, पण जनावरांना खायला रोज लागतेच. दुकानाला गिऱ्हाईक नसले म्हणून भाडे चुकत नाही, तसेच हे. दिवे लावले की माणसे येतात, तिकिटे खपतात आणि चाऱ्याचा, मांसाचा, डॉक्टरचा खर्च निघायला हातभार लागतो.

लेकीकडे गेले होते तेव्हा असेच एक छोटे प्राणिसंग्रहालय पाहिले. स्टोन झू त्याचे नाव. बोस्टनच्या उत्तरेला स्टोनहॅम नावाचे गाव आहे, तिथे स्पॉट पाँड या तळ्याला लागून अवघ्या २६ एकरांवर ते वसले आहे. आपल्या भायखळ्याची राणीची बाग याच्या साधारण दुप्पट. १९०५ साली मिडलसेक्स फेल्स झू या नावाने ते सुरू झाले. वॉल्टर स्टोन नावाच्या गृहस्थांनी त्याचा कारभार पाहिला होता, १९६९ साली त्यांचे नाव त्याला दिले गेले. मला नावापेक्षा त्याची पुढची कहाणी जास्त लक्षात राहिली. राज्याची तिजोरी रिकामी झाली म्हणून १९९० मध्ये हे प्राणिसंग्रहालय चक्क बंद केले होते. लोकांनी नेट लावला आणि १९९२ मध्ये ते पुन्हा उघडले. २००९ मध्ये गव्हर्नरांनी सरकारी मदतीत मोठी कपात केली, तेव्हा परत बंद पडण्याची भाषा सुरू झाली आणि परत लोकच ओरडले. श्रीमंत देशातसुद्धा पैसे कमी पडले की मुक्या जिवांच्या तोंडचा घास आधी आठवतो, हे वाचून मला नवल वाटले. म्हणून तिकिटाचे पैसे देताना जीव चुरचुरला नाही.

घरात मात्र जाण्याआधी चर्चा झाली. जावयांचे म्हणणे, “नाताळाची रोषणाई आहे, आपण कशाला?” लेक म्हणे, “मुले वर्गात रोज ऐकतात, बघायचे म्हणतात.” दोघांचेही खरे होते. माझे मत विचारले तेव्हा मी म्हटले, तिथे कोणाची इबादत नाही, मिरवणूक नाही, दिवे आहेत आणि जनावरे आहेत. दिवे पाहू, जनावरे पाहू. सांताक्लॉजबरोबर फोटो काढायची रांग असते, तिकडे जायचे नाही. असे अजिबात न जाणारी घरेही त्यांच्या ओळखीत आहेत. त्यांच्याशी माझे काही भांडण नाही. ज्याचे त्याने आपल्या मुलांकडे पाहून ठरवावे.

नऊ वर्षांच्या नातीने मात्र रांगेचे कारण विचारलेच. मी तिला म्हटले, हजरत ईसा (अ.) आपलेही पैगंबर आहेत. त्यांच्या जन्माची हकिगत सूरह मरियममध्ये आहे. मरियम बीबी खजुराच्या झाडाखाली एकट्या होत्या, आणि अल्लाहने त्यांच्यासाठी खजूर आणि पाणी तिथेच दिले. त्या गोष्टीत लाल टोपीवाला म्हातारा कुठे येतो, तूच सांग. ती विचारात पडली. पुढे आत गेल्यावर तिनेच मला दाखवले, “नानी, इथे ईसा अलैहिस्सलाम तर कुठेच नाहीत!” दिव्यांची अस्वले होती, दिव्यांचे पेंग्विन होते, बर्फाच्या चांदण्या होत्या. ज्यांच्या जन्माचा म्हणून सण, त्यांचीच आठवण त्या झगमगाटात शोधावी लागत होती. पोर बरोबर बोलली.

आम्ही मगरिब घरी पढून निघालो. थंडी शून्याच्या खाली पाच. दोन पायमोजे, दोन स्वेटर, वर जावयांचा जुना कोट, आणि एवढे करूनही नाक माझे राहिले नव्हते. आत शिरताच दोन्ही बाजूंची झाडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निळ्या, हिरव्या, सोनेरी दिव्यांनी गुंडाळलेली. बाबागाडीतली बाळे, कोको पिणारी मुले, काठी टेकत चाललेले आजी-आजोबा. हिजाब घातलेल्या दोन-तीन जणीही दिसल्या आणि सलाम झाले. आमचे कुटुंब तिथे पाहुण्यासारखे होते, पण परके कोणी वाटू दिले नाही.

कोकोबरोबर तिथे मार्शमॅलो देतात. पांढरी मऊ मिठाई, आचेवर भाजूनही खातात. मुलांच्या जिभेला ती लागते, पण तिच्यात जिलेटिन असते आणि तिथल्या बाजारात ते बहुधा डुकराचे. लेकीने घरूनच हलाल जिलेटिनची पिशवी आणली होती. सहा वर्षांचा नातू अभिमानाने सांगत होता, “आमचे आम्ही आणलेत.” परदेशात मुले वाढवताना नकार द्यावा तर त्याच्याबरोबर खिशातून काहीतरी निघालेही पाहिजे, हे मला लेकीकडून कळले.

दिव्यांची वाट संपते तिथे रेनडिअर. सांताची गाडी ओढणारे म्हणून मुलांना ते माहीत. खरे रेनडिअर पाहिले तर आपल्या सांबरापेक्षा बुटके, अंगावर दाट केस, चालताना पायातून टक टक आवाज. तो आवाज पायातल्या शिरा हाडावरून सरकताना होतो. आणखी एक गंमत. नर रेनडिअरची शिंगे हिवाळ्याच्या तोंडाशीच गळून पडतात, माद्यांची मात्र वसंतापर्यंत राहतात. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस शिंगे मिरवत गाडी ओढणारे, चित्रातले ते रेनडिअर बहुतेक बायकाच असणार! नात हे ऐकून इतकी हसली की शेजारच्या बाई वळून पाहू लागल्या. मग लेकीने त्यांना इंग्रजीत सांगितले आणि त्याही हसल्या.

पण रेनडिअरपुढे उभी असताना माझ्या मनात दुसरेच चालले होते. जावई विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी सांगितले की रेनडिअरच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात सोनेरी, हिवाळ्यात निळा. निळ्या पडद्यामुळे उत्तर ध्रुवाकडच्या लांबच लांब रात्रीत त्याला अंधुक प्रकाशातही दिसते. सुबहानल्लाह, एका जनावराच्या डोळ्यात किती सोय करून ठेवली आहे! २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केले. त्यांनाच असेही आढळले, की शहराच्या दिव्यांजवळ कुंपणात ठेवलेल्या रेनडिअरचे डोळे हिवाळ्यात पुरते निळे होत नाहीत, हिरवटच राहतात. दिव्यांमुळे त्यांना रात्र पुरेशी मिळत नाही.

हे ऐकल्यावर त्या हजारो दिव्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. कुरआनात रात्र विश्रांतीसाठी केल्याचे अनेकदा आले आहे. ती फक्त माणसांसाठी असेल असे मला वाटत नाही. सूरह अनआममध्ये तर जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांनाही आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. मग त्या उम्मतीच्या दारात आपण रात्री नऊपर्यंत जत्रा भरवतो, ते त्यांना कसे वाटत असेल?

जनावर बंदिस्त ठेवावे की नाही, यावर आपल्या आलिमांनी फार पूर्वी विचार केलेला आहे. अबू उमैर नावाच्या छोट्या मुलाने एक लहान पक्षी पाळला होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्या पक्ष्याची लाडाने विचारपूस करीत, आणि तो मेल्यावर त्यांनी मुलाची समजूत काढली. ही हदीस घेऊन अनेक आलिमांनी पक्षी-प्राणी पाळायला परवानगी आहे असे म्हटले. पण दुसरी हदीसही आपण सारे जाणतो. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, ना खायला दिले, ना सोडले, आणि त्यापायी ती जहन्नमची धनी झाली. परवानगी आहे ती अशी, जबाबदारीसकट. एका अन्सारीच्या बागेतल्या उंटाने तर प्रेषितांपुढे (स.) डोळ्यांत पाणी आणले होते, आणि त्यांनी मालकाला बोलावून जाब विचारला. त्या मालकाच्या जागी आज तिकीट काढणारे आपण सगळे आहोत, असे मला तिथे वाटले.

म्हणून मी पाहत होते की दिवे नेमके कुठे आहेत. दिवे वाटेवर होते, झाडांवर होते. पिंजऱ्यांच्या आत त्या मानाने अंधार होता. पुढच्या भागात थंड प्रदेशातले प्राणी आहेत. पांढऱ्या डोक्याचा गरुड, लिंक्स नावाचे झुपकेदार कानांचे रानमांजर, पाणमांजर, साळिंदर. तिथे रोषणाई कमी आणि माणसेही कमी. साळिंदर आपल्याकडचे जमिनीवर राहते, तिथले झाडावर चढते. ते वरच्या फांदीवर काट्यांचा गोळा होऊन बसले होते, खालच्या गडबडीचे त्याला सोयरसुतक नव्हते. ध्रुवीय कोल्हा मात्र सापडेना. नातू हट्टाला पेटला, “तिकीट काढलेय ना!” लेकीने त्याला सांगितले, तिकीट आपण काढले, त्याने नाही. तो झोपला असेल तर झोपू दे. मला हे उत्तर फार आवडले. ज्या जनावराला आपल्यापासून दूर जाऊन बसायला आडोसा आहे, त्याचे थोडे तरी बरे चालले आहे. जिथे आडोसाच नाही, ते प्राणिसंग्रहालय दिवसासुद्धा पाहू नये.

राणीची बाग आठवली ती इथेच. बासी ईदला भायखळा, मदनपुरा, नागपाडा, कुर्ला, मुंब्रा, सगळीकडची माणसे तिकडे लोटतात. नवे कपडे, डब्यात राहिलेली बिर्याणी, पोरांच्या हातात फुगे. हत्तीपुढे उभे राहायला जागा मिळत नसे. आम्ही लहानपणी पिंजऱ्यात शेंगदाणे टाकायचो, सगळेच टाकायचे. त्या गर्दीत किती नाताळ साजरे करणारे, किती दिवाळी साजरी करणारे असतील कोणी मोजले नाही. जनावरांच्या दृष्टीने सणाचा दिवस म्हणजे नेहमीपेक्षा जास्त आरडाओरडा, मग तो आपला सण असो की त्यांचा. पुढच्या ईदला जे जातील त्यांनी पोरांना जाळीवर थापा मारू देऊ नयेत, एवढे सांगून ठेवते.

दोन दिवसांनी जावयांना सुटी होती म्हणून आम्ही दिवसा परत गेलो, आणि खरे सांगायचे तर मला दिवसच जास्त आवडला. बर्फ पडून गेलेले, माणूस जवळजवळ नाही. रात्रीचे दिवे दिवसा पाहिले तर नुसत्या काळ्या तारा; एक माणूस शिडीवर चढून बिघडलेल्या माळा तपासत होता. हिमालयाच्या प्राण्यांसाठी तिथे वेगळी जागा आहे. मारखोर ही पिळदार शिंगांची रानबकरी पाहिली. पाकिस्तानचा हा राष्ट्रीय प्राणी, आपल्या काश्मीरच्या डोंगरांतही थोडा उरला आहे. आणि हिमबिबट्या. आपल्या देशात २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत सारे मिळून ७१८ निघाले, त्यांतले बरेचसे लडाखमध्ये. रत्नागिरीच्या माणसाने लडाखला न जाता स्टोनहॅमला जाऊन हिमबिबट्या पाहावा, यालाच नशीब म्हणायचे. तो खडकावर पडला होता, जाड शेपटी नाकावर ओढून, आपण गोधडी ओढतो तशी. सगळे बोस्टन थंडीने कुडकुडत होते आणि हा एकटा अगदी घरी असल्यासारखा. आम्ही अर्धा तास उभे होतो. त्याने दोनदा डोळे उघडले.

कोणाची मुले बोस्टनच्या बाजूला असतील आणि थंडीत जाणे होत असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. रोषणाई साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालते. दिवसाचे तिकीट वेगळे, रोषणाईचे वेगळे, आणि दुसरे आधीच वेळ ठरवून घ्यावे लागते. मगरिब घरी पढून निघावे, इशा परत आल्यावर सहज होते. आधी दिवसा जावे, म्हणजे अंधारात कोण कुठे झोपले आहे ते मुलांना माहीत असते आणि ती ओरडत नाहीत. हातमोजे दोन जोड न्यावेत, कारण एक हमखास हरवतो.