वाकडं जांभूळ

सबमिशन संपल्यावर आणि पी.एल.चा अभ्यास सुरू व्हायच्या आधी जे दोन दिवस मिळतात, त्यात शहाण्या मुली झोपून घेतात. आम्ही पाचजणी माथेरानला गेलो. (रेक्टर मॅडमच्या सह्या कशा मिळवल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!)

माथेरानला आपली गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. पुढे घोडा, नाहीतर आपले पाय. १९०७ साली सुरू झालेली ती छोटी गाडीही आहे म्हणा, पण आम्ही चालायचं ठरवलं. लाल मातीची वाट, वर पानांचं छप्पर आणि दोन्ही बाजूंना झाडं. ती झाडं म्हणजे एक नंबर नमुने! एकही सरळ नाही. कुणी कमरेत वाकलेलं, कुणी गाठ मारल्यासारखं, कुणी जमिनीवर आडवं लोळून मग अचानक आठवण आल्यासारखं वर गेलेलं. आम्ही त्यांना नावं ठेवत चाललो. एकाचं नाव 'प्रश्नचिन्ह'. एक एक्स्टर्नलपुढे उभ्या राहिलेल्या मुलासारखं खाली मान घालून होतं, ते 'व्हायवा'.

खरी नावं मात्र पाचजणींत एकीलाही येत नव्हती. माझं तर विचारूच नका. कॉन्व्हेंटच्या पुस्तकांतून मला ओक, विलो, पाइन सगळे भेटले, पण घरापासून दोन तासांवरचं झाड ओळखता येत नाही. शेवटी घोडा घेऊन मागून येणाऱ्या एका काकांनी सांगितलं, "ताई, हे अंजन. हे हिरडा. आन् ते जांभूळ, एवढं तरी म्हाईत असंल?" अंजनाला उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात आणि लाकूड दगडासारखं कठीण असतं. (आमच्यातल्या जळगावच्या मैत्रिणीने लगेच वाद घातला की अंजन असा नसतो. नंतर पाहिलं तर तिचंही बरोबर. खानदेशातला अंजन हे वेगळंच झाड आहे, फक्त नाव एक.)

पश्चिमेच्या कड्याजवळ गेलो तेव्हा वाकडेपणाचं एक कारण डोळ्यांनीच दिसलं. तिथल्या झाडांचा शेंडा सगळा पूर्वेकडे झुकलेला. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा इथे थेट येऊन आपटतो. वाऱ्याच्या बाजूचे कोंब मरतात, आडोशाचे जगतात, आणि झाड कुणीतरी कंगव्याने एका बाजूला विंचरल्यासारखं दिसायला लागतं. वाटेवरच्या झाडांची गोष्ट निराळी. पावसाने आणि टापांनी माती निघून गेलीय, मुळं बोटांसारखी उघडी पडलीयत. अशा वेळी झाड कलतं. काही पडतात, काही पडत नाहीत.

न पडलेल्यांपैकी एक ते जांभूळ. खोड जमिनीतून निघून कमरेच्या उंचीवर आडवं झालंय, चांगलं चार माणसं बसतील एवढं, आणि टोकाला सरळ वर. सिव्हिलवाल्यांनो, हा कॅन्टिलिव्हर आहे! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये माझी केटी लागली होती, त्यामुळे त्या खोडाकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसले. एवढं वजन बाहेर, खाली आधार नाही, मग मोडत कसं नाही?

परत आल्यावर लायब्ररीत वाचलं. खोड कललं की जांभळासारखी झाडं वरच्या बाजूला वेगळ्या जातीचं लाकूड तयार करतात. ते आकसतं आणि खोडाला दोरीसारखं वर ओढून धरतं. पाइनसारखी झाडं हेच काम खालून ढकलून करतात. जाडजूड झालेलं खोड मात्र पुन्हा सरळ होऊ शकत नाही, म्हणून बाक तसाच राहतो आणि कोवळा शेंडा तेवढा वर वळतो. आणखी एक गंमत. काँक्रीट ताणाला कच्चं, म्हणून प्रीस्ट्रेस्डमध्ये आपण ते आधीच दाबून ठेवतो. हिरवं लाकूड उलट, दाबाला कच्चं. म्हणून झाड आपले बाहेरचे थर आधीच ताणून ठेवतं. वारा आला की दाबाच्या बाजूचा तो ताण आधी संपावा लागतो, मग खरा दाब. हे वर्गात कुणी सांगितलं असतं तर कदाचित केटी लागली नसती. (नाही, लागलीच असती.)

पण या जांभळाजवळ मी थांबले त्याचं खरं कारण बेंडिंग मोमेंट नव्हतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, रूममेटलाही इथे वाचूनच कळेल.

सहावीत असताना शाळेची सहल इथेच आली होती. कंपासपेटीतलं कर्कटक खिशात होतं. मैत्रिणीने सिस्टर येतायत का ते पाहिलं आणि मी आमची दोन इंग्रजी अक्षरं कोरली. तिचं एस, माझं एम. ती मैत्रीण आठवीत शाळा सोडून गेली, पत्ताही नाही आता. अक्षरं आहेत. तेव्हा माझ्या छातीशी होती, आता कमरेशी आलीयत. म्हणजे मी वाढले. झाड उंच होतं ते शेंड्याकडून, खोडावरची खूण आहे तिथेच राहते. फक्त खोड जाड होत गेलं तशी अक्षरं रुंद झालीत, फाटल्यासारखी. कडांना वळ आलेत. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. शायगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड बिघडलेला भाग आतून भिंती घालून वेगळा करतं आणि बाजूने नवं लाकूड वाढवतं. जुनी जखम आत जशीच्या तशी.

"ह्ये बघा," काका त्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "काय मिळतं वो ह्यांना?"

चौघी म्हणाल्या, खरंच, कसली माणसं असतात. मीही मान हलवली.

मग सगळ्यांनी खोडावर बसून फोटो काढला. तो आमच्या खोलीत कपाटाच्या दारावर लावलाय. त्यात मी टोकाला बसलेय, एक हात खोडावर टेकवून. रूममेट म्हणते, काय पोझ देतेस! नीट बघा, अंगठ्याखालून एमचा एक पाय दिसतोय.