हूम

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या गावाचे वर्णन करायला कुणी सांगितले, तर सांगण्यासारखे फारसे काही नाही. नदी नाही, डोंगर नाही, दुरून लोकांनी पाहायला यावे असे देऊळही नाही. सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नान्नज लागते. तिथे एस.टी.तून उतरून तासभर चालले की आमची वस्ती. आजूबाजूला आहे तो माळ. पावसाळ्यात दोन-तीन महिने हिरवा, दिवाळीनंतर पिवळा आणि उन्हाळ्यात नुसता मुरूम. सातबाऱ्यावर अशा जमिनीसाठी एक शब्द आहे : पोटखराबा. म्हणजे पिकाच्या दृष्टीने निकामी. ज्या माळाने आमच्या चार पिढ्यांची पोटे भरली, त्याला सरकारी कागदावर नेमके हेच नाव मिळावे, याची मला गंमतही वाटते आणि वाईटही.

आम्ही धनगर. माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, पंचाहत्तरीला आले आहेत. अजूनही पंधरा-वीस मेंढरे घेऊन ते रोज माळावर जातात. शाळेची पायरी त्यांनी चढली नाही. वडील चौथीपर्यंत शिकले. घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पुस्तकांतले मी आबांना सांगते आणि माळावरचे ते मला सांगतात. त्यात एक पक्षी वारंवार येतो. पुस्तके त्याला माळढोक म्हणतात. आबा म्हणतात, हूम.

"पावसाच्या तोंडाला, तांबडं फुटायच्या आधी आवाज यायचा बघ पोरी," आबा सांगतात, "हूऽम्, हूऽम्! घागरीत तोंड घालून कुणी हाळी द्यावी तसा. लई लांबनं ऐकू यायचा. आन् उजाडल्यावर बघावं तर नर हुबा. गळ्याची पिशवी फुगवल्याली, शेपूट पाठीवर उलटवल्यालं. जसा काय नवरदेव!"

मी तो आवाज कधी ऐकलेला नाही. मी माळढोक पाहिला आहे तो अभयारण्याच्या पाटीवर, उन्हाने रंग उडालेला. माझ्या वर्गातल्या, माझ्याच पंचक्रोशीतल्या मैत्रिणींपैकीही कुणी तो पाहिलेला नाही. आजोबांच्या डोळ्यांसमोर जे रोजचे होते, ते नातीला पाटीवर पाहावे लागते. हा प्रवास कसा झाला, हे समजून घ्यावे म्हणून मी वाचू लागले, विचारू लागले.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला अत्यंत वजनदार पक्षी. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उभा राहिला की मीटरभर उंच. पण त्याचे घरटे म्हणजे काहीच नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि ते सुमारे सत्तावीस दिवस उबवते. गाईचा पाय पडला, कुत्रे आले, नांगर फिरला, की त्या वर्षीची सारी आशा संपली. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि शेतातला दाणा यांवर तो जगतो. त्याला दाट झाडी नको असते. त्याला दूरवरचे दिसायला हवे, म्हणून गवत हवे आणि मोकळे आभाळ हवे. आपण ज्याला ओसाड म्हणतो, तेच त्याचे अरण्य!

एके काळी देशाच्या पुष्कळशा माळरानांवर हा पक्षी होता. १९६९ साली त्याची देशातील संख्या सुमारे १,२६० असावी, असा अंदाज होता. १९७२ च्या सुमारास सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे जाणकारांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. गावे, बाजारपेठा, रस्ते, ज्वारीची शेते, सारेच आले. यात वनखात्याची जमीन अगदी थोडी, बाकीची लोकांची. म्हणजे एके दिवशी माणसे झोपेतून उठली ती अभयारण्यात! जमिनीचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले, बिगरशेतीची परवानगी अडली. माझ्या आत्याच्या लग्नासाठी अर्धा एकर विकायचा होता, तेव्हा एका कचेरीत आबांनी इतके हेलपाटे घातले की शेवटी सावकार परवडला. त्या दिवसांत लोक म्हणत, "पाखरू मेलं तरच आपण सुटू." ज्या पाखराला त्यांच्या बापजाद्यांनी कधी धोंडा मारला नव्हता, त्याच्याविषयी ते असे बोलू लागले. पुढे कित्येक वर्षांनी ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले आणि नंतर आणखी घटवले गेले. परंतु तोवर मनात जी अढी बसायची ती बसून गेली होती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ज्या वर्षांत नान्नजचा माळढोक प्रसिद्धीस आला, त्याच सुमारास नान्नजचे द्राक्षही प्रसिद्धीस आले. इथले शेतकरी नानासाहेब काळे यांनी द्राक्षाचे लांबट मण्याचे नवे वाण काढले. त्याचे नाव सोनाका : सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे! दुष्काळी भागातल्या माणसाने मुरमातून सोने काढले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. बोअर आले, वीज आली, ठिबक आले. पोटखराबा फोडून बागा उभ्या राहिल्या. माझी आई अशाच बागेत मजुरीला जाते. गोडी छाटणी, मण्यांची विरळणी, घड बुडवण्याचे काम, मग बेदाण्याच्या शेडवर निवडणे. तिच्या त्या मजुरीतून माझी फी भरली जाते, एस.टी.चा पास निघतो आणि पुस्तके येतात. तेव्हा माळ मोडणाऱ्यांना नावे ठेवायला मी उठले, तर माझी जीभ अडखळते. माळ मोडला नसता तर मी आज हा लेख लिहिण्याऐवजी मेंढरांमागे असते. ही गोष्ट मला लपवायची नाही आणि विसरायचीही नाही.

तरीही सगळा माळ द्राक्षांनीच गेला असे नाही. काही माळ दगडांच्या खाणींनी गेला, काही गुंठेवारीने आणि काही चक्क झाडांनी! आमच्या शिवेला एका संस्थेने मोठा समारंभ करून गवतावर रोपे लावली. पाहुणे आले, फोटो निघाले. आबा काठीवर हनुवटी टेकून पाहत होते. घरी येताना मला म्हणाले, "झाडं लावली त्ये बरं केलं. पर गवत कुठं ठिवलं?" या प्रश्नाने मी विचारात पडले. निसर्ग म्हणजे झाडे, असेच आपल्याला पहिलीपासून शिकवलेले असते. आपल्या चित्रकलेच्या वहीत झाड असते, डोंगर असतो. गवताळ माळ कुणी काढत नाही. जे चित्रात नाही ते डोळ्यांना दिसत नाही. माळढोकाच्या दृष्टीने मात्र गवतावर उभी केलेली दाट झाडी म्हणजे आपल्या अंगणात बांधलेली भिंतच होय.

आज हा पक्षी देशात दीडशेच्या आसपासच राहिला असावा आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. तिथे त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. तिथले संकट वेगळे, ते विजेच्या तारांचे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. शिवाय देह जड, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याविषयी आदेश दिला. सौर आणि पवनऊर्जेची गरज लक्षात घेऊन २०२४ मध्ये त्यात बदल केला. जैसलमेर भागात अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र २०१९ पासून चालू आहे आणि कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू २०२४ मध्ये जन्मले. हे वाचून आनंद होतो. आमच्या नान्नजला मात्र गेल्या काही वर्षांत एखादी मादी दिसल्याची बातमी येते, कधी तीही येत नाही. नर नाही, म्हणून हूम नाही.

सध्या आमच्या घरात एक वाद चालू आहे. आमच्या वाट्याचा दीड एकर माळ अजून मोडलेला नाही. वडिलांना कर्ज काढून तिथे द्राक्षबाग करायची आहे. आबा म्हणतात, मेंढरं काय तारा खातील? वडील मला विचारतात, "तू शिकलेली हाईस. तूच सांग, पाखरू मोठं का माणूस?" मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, हा प्रश्नच गरिबापुढे टाकलेला फसवा प्रश्न आहे. पक्षी साऱ्या देशाचा आणि त्याची किंमत मात्र दीड एकरवाल्याने भरायची, हे कुठल्या न्यायात बसते? वाघ पाहायला लोक पैसे मोजतात, त्यातून कुणाचे तरी घर चालते. तसे गवत राखणाऱ्याला गवताचे मोल मिळाले, एकरी काही रक्कम दरवर्षी हातात पडली, तर माझे वडील कर्ज काढून बोअर मारणार नाहीत. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मग तसं लिही कुठंतरी." म्हणून हे लिहिले आहे.

नान्नजला हूम परत येईल का? एकच अंडे घालणारा पक्षी गेला की सहजी परतत नाही. पण माळावर अजून काळवीट आहेत, खोकड आहे, चंडोल आहे, गवतात मिसळून जाणारी पखुर्डी आहे. लांडगा आहे, वर्षाकाठी आमचे एखादे कोकरू तो नेतो. आबा त्याला मनसोक्त शिव्या देतात, पण काठी घेऊन त्याच्या बिळाकडे कधी गेले नाहीत. "त्याचाबी वाटा हाय," म्हणतात. संरक्षणाचा कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून माळावर हा अलिखित कायदा चालत आला आहे. नवा कायदा करणाऱ्यांनी तो जाणणाऱ्या माणसांना एकदा विचारले असते, तर कदाचित आज मला हूमचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला नसता. जे उरले आहे त्याच्या बाबतीत तरी विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही. आबा रोज माळावरच असतात.